कर्ता कोण, करविता कोण?

२०२४ सालच्या डिसेंबर महिन्याच्या पहिल्या पाच दिवसांत कोलकात्यात एक मोठी आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. तिचा विषय सामान्य वाचकाला काहीसा दुर्बोध वाटेल असा होता : यंत्राने आकृती कशा ओळखाव्यात. छायाचित्रातला चेहरा कोणाचा, कागदावर हाताने लिहिलेले अक्षर कोणते, समोरच्या माणसाने हात हलवला तो कशासाठी, हे संगणकाला कळावे म्हणून जे गणित आणि जे तंत्र लागते, त्याचा अभ्यास करणारे देशोदेशींचे संशोधक तेथे एकत्र आले होते. याच शहरात २०१० च्या नोव्हेंबरात हस्ताक्षर-वाचनाच्या शास्त्रावर अशीच एक परिषद होऊन गेली होती. खरगपूरच्या तंत्रज्ञान संस्थेत २०१२ च्या डिसेंबरात आणि मुंबईत पवईच्या तंत्रज्ञान संस्थेत २०१७ च्या सप्टेंबरात जे मेळावे झाले, त्यांचा विषय तर उघडपणे मानव आणि संगणक यांच्यातील परस्परव्यवहार हाच होता.

या मेळाव्यांविषयी उपहासाने बोलण्याचे काहीच कारण नाही. बंगाली आणि देवनागरी या दोन्ही लिप्यांतील छापील मजकूर यंत्राला वाचता यावा म्हणून बरानगरच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत बिद्युत बरन चौधुरी आणि उमापद पाल यांनी १९९० च्या दशकात जे काम केले, ते नसते तर अंध वाचकाला छापील पुस्तक ऐकवणारे यंत्र या भाषांपर्यंत पोहोचण्यास आणखी किती काळ लागला असता, हे सांगता येत नाही. पवईत अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेला 'स्वरचक्र' हा कळफलक मराठीसह अनेक भारतीय भाषांत मोबाईलवर लिहिणे सुलभ करणारा ठरला. इंग्रजी न येणाऱ्या माणसाला यंत्रापुढे ओशाळे वाटू नये, हा विचार या शास्त्रातूनच आला आहे आणि तो लोकशाहीवादी विचार आहे.

प्रश्न निराळा आहे. या शास्त्राच्या नावातच दोन पक्ष गृहीत धरलेले आहेत : एक माणूस आणि एक यंत्र. दोघे समोरासमोर बसले आहेत, एक विचारतो, दुसरे उत्तर देते, आणि शास्त्रज्ञाचे काम एवढेच की दोघांमधली ही देवघेव सुकर व्हावी. इंग्रजीतील 'इंटरॅक्शन' या शब्दासाठी मराठीत आंतरक्रिया, परस्परक्रिया, संवाद असे नाना पर्याय सुचवले जातात, आणि 'युजर' या शब्दासाठी 'वापरकर्ता' हा शब्द आता रूढच झाला आहे. परंतु घाऊक गोदामात हातातल्या यंत्राच्या सूचनेनुसार फडताळाफडताळांमधून धावणारी मुलगी ही त्या यंत्राची 'वापरकर्ती' आहे काय? मराठीच्या व्याकरणात यासाठी एक नेमकी सोय आहे. करणारा तो कर्ता, आणि त्याच्याकडून करवून घेणारा तो करविता. कीर्तनात हा शब्द परमेश्वरासाठी येतो. कचेरीत, कारखान्यात आणि आता रस्त्यावर, करविता हा भांडवलाचा मालक असतो, आणि मानव-संगणक संवादाच्या बहुतेक निबंधांत त्याचा उल्लेखही नसतो.

कोलकात्याला मात्र हा तिसरा पक्ष फार पूर्वीपासून माहीत आहे.

प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ साली कलकत्त्यात भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली, तेव्हा 'कॉम्प्युटर' हे माणसाच्या हुद्द्याचे नाव होते. हाताने फिरवायच्या गणकयंत्रावर ओळीने बसून पाहणीचे आकडे मांडणारे, बेरजा-गुणाकार करणारे ते पगारी नोकर. जनगणनेच्या खात्यात तर हे पदनाम पुढे कितीतरी वर्षे टिकून राहिले. म्हणजे 'मानव आणि संगणक' असा भेदच त्या वेळी नव्हता. मानव हाच संगणक होता. १९५३ साली संस्थेतील समरेंद्रकुमार मित्र आणि सौम्येंद्रमोहन बोस यांनी दहा अज्ञात राशींची समीकरणे सोडवणारे एक सदृश-गणकयंत्र स्थानिक साधनांतून उभे केले. त्यानंतर ब्रिटिश टॅब्युलेटिंग मशीन कंपनीचा एच.ई.सी. २ एम हा अंकीय संगणक इंग्लंडहून आला आणि १९५६ च्या आरंभी चालू झाला. भारतातील हा पहिला अंकीय संगणक होय. मागोमाग सोव्हिएत संघातून 'उराल' आला. १९६६ पर्यंत जादवपूर विद्यापीठाच्या सहकार्याने संस्थेने ट्रान्झिस्टरवर चालणारा स्वतःचा संगणकही तयार केला. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचा आराखडा ज्या संस्थेत घडला, त्याच संस्थेत हे सर्व घडत होते. परकीय चलनाची चणचण असलेल्या, नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाने हे यंत्र मागवले ते पिके, उत्पन्न, उपासमार आणि पोलाद यांचा हिशेब मांडण्यासाठी.

आता याच शहरातील दुसरे चित्र पाहावे. आयुर्विमा व्यवसायाचे १९५६ साली राष्ट्रीयीकरण झाले आणि आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले. पुढच्या दशकात महामंडळाने मुंबई आणि कलकत्ता येथे संगणक बसवण्याचा घाट घातला. हप्त्यांचा हिशेब, विमेदारांना जाणाऱ्या नोटिसा, पॉलिसींचे मूल्यांकन, ज्या कामावर हजारो कारकुनांची उपजीविका चालत होती तेच काम यंत्राकडे जायचे होते. १९५१ साली मुंबईत स्थापन झालेल्या अखिल भारतीय विमा कर्मचारी संघटनेने त्याविरुद्ध देशभर आवाज उठवला. आणि कलकत्त्यात, १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात, ज्या इमारतीत यंत्र यायचे होते त्या इलाको हाउसपुढे कर्मचाऱ्यांनी पाळीपाळीने दिवसरात्र पहारा बसवला. पावसात, थंडीत, सणासुदीला तो चालू राहिला. इतर कारखान्यांचे व कचेऱ्यांचे कामगार, विद्यार्थी, त्या पहाऱ्यात सामील झाले. बंगालच्या कामगार चळवळीच्या आठवणीत इलाको हाउस हे नाव आजही घेतले जाते.

या लढ्याची टिंगल करणे हा गेल्या चाळीस वर्षांतला एक आवडता उद्योग झाला आहे. 'डाव्यांनी संगणकाला विरोध केला आणि बंगाल मागे पडला' हे वाक्य इतक्या वेळा छापले गेले आहे की आपल्याही काही मंडळींना इलाको हाउसचा उल्लेख निघताच संकोच वाटू लागला आहे. परंतु वर दिलेली दोन चित्रे शेजारी ठेवली की ही टीका किती उथळ आहे हे ध्यानात येते. एकच शहर, जवळपास एकच काळ, जातीने एकच यंत्र. चळवळीचा पहारा बसला तो इलाको हाउसपुढे. बरानगरच्या संगणकापुढे नव्हे. विरोध यंत्राला असता तर पहिला मोर्चा बरानगरला जायला हवा होता. यंत्र कशासाठी येते आहे, त्यातून वाचलेला वेळ आणि पैसा कोणाच्या खात्यावर जमा होणार, आणि हे ठरवताना त्या मेजावर बसणाऱ्याला कोणी विचारले काय, हे प्रश्न विमा कारकुनांनी उपस्थित केले. मानव आणि संगणक यांच्या परस्परव्यवहाराविषयी या देशात झालेली ती पहिली मोठी चर्चा होती, असे म्हणण्यास हरकत नसावी. ती सभागृहात झाली नाही, पदपथावर झाली, एवढाच फरक.

देशभरच्या या असंतोषाच्या पार्श्वभूमीवर केंद्र सरकारला १९६९ साली स्वयंचलनाच्या प्रश्नावर समिती नेमावी लागली. तिचे अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले संस्थेचे वि. म. दांडेकर. भारतातील दारिद्र्याची मोजदाद नीळकंठ रथ यांच्यासह मांडणारे तेच दांडेकर. त्यांचा अहवाल १९७२ साली आला. संगणक हा केवळ तंत्राचा प्रश्न नसून रोजगाराचा आणि सामाजिक निवडीचा प्रश्न आहे, ही गोष्ट निदान सरकारी कागदपत्रांत दाखल झाली ती कलकत्त्याच्या पदपथावर जागणाऱ्या कारकुनांमुळे. बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी १९८३ साली व्यवस्थापनाशी यांत्रिकीकरणाचा जो करार केला, आणि पुढे १९८७ व १९९३ साली जे करार झाले, त्यांच्यामागेही हीच जागृती होती. यंत्र आले, पण वाटाघाटी करून आले, आणि त्यावर बसणाऱ्याला विशेष भत्ता देऊन आले.

तथापि पूर्ण सत्य सांगायचे तर त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पहारा हे हत्यार जे यंत्र लोखंडी कपाटाएवढे असते, ट्रकमधून येते आणि दारातून आत न्यावे लागते, त्याच्यासाठी योग्य होते. यंत्र कसे असावे, याचा पर्यायी आराखडा चळवळीने तयार केला नाही. कामगारांच्या बाजूने विचार करणारे गणिती, अभियंते बंगालमध्ये पुष्कळ होते. त्यांची राजकीय सहानुभूतीही चळवळीला होती. पण त्यांचे शास्त्र आणि संघटनेचे काम यांची गाठ क्वचितच पडली. १९७७ ते २०११ या डाव्या आघाडीच्या प्रदीर्घ राजवटीत सॉल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हमध्ये इलेक्ट्रॉनिक व संगणक उद्योग उभा राहिला, तेथे हजारो तरुण कामाला लागले. पण त्या पडद्यांपुढे बसणाऱ्यांची संघटना बांधण्याचे काम चळवळीला फारसे साधले नाही. हा दोष लपवण्यात अर्थ नाही.

दुसरीकडे, करवित्याने आपले शास्त्र केव्हाच तयार करून घेतले होते. अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात स्टुअर्ट कार्ड आणि टॉमस मोरान यांनी कार्नेगी-मेलन विद्यापीठाच्या ॲलन न्यूएल यांच्यासह १९८० साली संगणकावरच्या कामाचे एक प्रतिमान मांडले. एक कळ दाबण्यास सरासरी कुशल टंकलेखकाला सेकंदाचे वीस शतांश, पडद्यावरच्या एखाद्या जागेवर निर्देश करण्यास १.१ सेकंद, हात कळफलकावरून दुसऱ्या साधनावर नेण्यास ०.४ सेकंद. आणि पुढे काय करायचे याचा मनाशी विचार करण्यास १.३५ सेकंद! शास्त्र म्हणून हे काम उत्तम आहे, आजही ते शिकवले जाते, आणि वाईट पडदा कोणता व चांगला कोणता हे त्यावरून खरोखरच कळते. परंतु टेलरने हातात घड्याळ घेऊन फावडे मारणाऱ्या मजुराच्या हालचाली मोजल्या, त्या परंपरेशी त्याचे नाते उघड आहे. येथे घड्याळ मजुराच्या डोक्यातही शिरले.

न्यूयॉर्क आणि न्यू इंग्लंड भागातील एका दूरध्वनी कंपनीने १९८० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या ऑपरेटरांसाठी नवी, अधिक आधुनिक दिसणारी यंत्रे घेण्याचे योजले. त्या वेळी हेच तंत्र वापरून केलेल्या अभ्यासात असे निघाले की नवे यंत्र प्रत्येक कॉलमागे अर्ध्या सेकंदाहून थोडे अधिक मंद आहे, आणि ते घेतल्यास कंपनीला वर्षाला सुमारे २० लक्ष डॉलरचा भुर्दंड पडेल. प्रत्यक्ष चाचणीतही तसेच आढळले. १९९३ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास मानव-संगणक शास्त्राचे यश म्हणून अभिमानाने सांगितला जातो, आणि भाकिताच्या अचूकपणाविषयी तो अभिमान योग्यही आहे. फक्त वाचकाने एवढेच विचारावे : ऑपरेटरच्या दिवसातील ते अर्धे सेकंद कोणाच्या मालकीचे होते? तिने दोन कॉलांच्या मध्ये घोटभर पाणी प्यायचे की नाही, हा प्रश्न त्या समीकरणात कोठल्या अक्षराने दाखवला होता?

याच्या अगदी उलट दिशेने जाणारा एक प्रवाह युरोपच्या उत्तरेकडे निघाला, आणि भारतीय कामगार चळवळीने त्याचा जितका अभ्यास करायला हवा होता तितका अद्याप केलेला नाही. नॉर्वेच्या लोखंड व धातू कामगार संघटनेने १९७० साली ठराव केला की संगणकाविषयी स्वतः संघटनेनेच संशोधन हाती घ्यावे. त्यासाठी तिने ज्याला बरोबर घेतले तो क्रिस्टेन न्यूगोर्ड हा कोणी सामान्य तंत्रज्ञ नव्हता. 'सिम्युला' या संगणकभाषेच्या दोन जनकांपैकी तो एक. आज जगातील बहुतेक मोठ्या संगणक-प्रणाली ज्या पद्धतीने लिहिल्या जातात तिचा उगम या भाषेत आहे. न्यूगोर्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी प्रथम संशोधकांच्या सवयीप्रमाणे अहवाल लिहिण्याचे योजले होते. लवकरच त्यांच्या लक्षात आले की अहवाल कपाटात जातात. मग त्यांनी 'निष्पत्ती' या शब्दाची व्याख्याच बदलली : कारखान्यातील स्थानिक संघटना जी कृती करील, ती या संशोधनाची निष्पत्ती. कामगारांसाठी पाठ्यपुस्तके निघाली, अभ्यासमंडळे चालली, संगणकाच्या प्रश्नांसाठी वेगळा कामगार-प्रतिनिधी निवडण्याची पद्धत आली, आणि १९७५ साली राष्ट्रीय पातळीवर मालकांच्या संघाशी करार झाला.

त्यानंतरचा प्रयोग तर छापखान्याशी संबंध आलेल्या प्रत्येकाला जिव्हाळ्याचा वाटावा. १९८१ ते १९८५ या काळात नॉर्डिक देशांच्या मुद्रण कामगार संघटनेने पेल एन, सुझान बोडकर, मोर्टेन क्यूंग आदी संशोधकांसह, वृत्तपत्राची पाने जुळवण्याचे संगणकीय साधन कसे असावे याची आखणी केली. जुळारी आणि पान लावणारे कामगार स्वतः आखणीला बसले. प्रत्यक्ष यंत्र अजून अस्तित्वात नव्हते, म्हणून पुठ्ठ्याची आणि फळ्यांची खोटी यंत्रे करून, रिकाम्या खोक्यावर यंत्राचे नाव लिहून, त्यापुढे बसून त्यांनी काम करून पाहिले : हात कोठे जातो, डोळा कोठे अडखळतो, कोणते कौशल्य या पद्धतीत जिवंत राहते आणि कोणते मारले जाते. मानव-संगणक शास्त्रात आज ज्याला 'सहभागी आखणी' म्हणतात तिची एक प्रमुख मुळी या खोक्यांत आहे. म्हणजे हे शास्त्र अर्धे तरी कामगार संघटनेच्या कचेरीत जन्मलेले आहे, ही गोष्ट सभागृहात बसलेल्या अनेकांना, आणि सभागृहाबाहेर राहिलेल्या आपल्यालाही, ठाऊक नसते.

आपल्याकडे देवनागरीच्या जुळाऱ्यांना असे कोणी विचारले नाही. जोडाक्षरे, काना, मात्रा, वेलांट्या यांमुळे देवनागरीच्या केसमध्ये शेकडो खिळे असत. कोणता खिळा कोणत्या घरात आहे हे न पाहता बोटांना कळावे यासाठी वर्षानुवर्षांची उमेदवारी लागे. मराठी व्याकरणाचे कॅरीकृत पुस्तक १८०५ साली छापले गेले ते कलकत्त्याजवळच्या श्रीरामपुरात. तेथील छापखान्यासाठी देवनागरीचे खिळे कोरणाऱ्या पंचानन कर्मकाराचे नाव तरी इतिहासाने राखले. १९८० च्या दशकात आणि नंतर फोटो-टाइपसेटिंग आणि मग घरगुती संगणकावरची अक्षरजुळणी आली, तेव्हा मुंबई-पुण्यातील जुळाऱ्यांच्या बोटांतील ते ज्ञान अक्षरशः खिळ्यांबरोबर भंगारात गेले. नवा कळफलक कसा असावा हे ठरवताना त्यांच्यापैकी कोणाला बोलावल्याचे ऐकिवात नाही.

जुळारी गेला आणि त्याच्या मागोमाग यंत्र सर्वांच्याच हातात आले. आजच्या कोलकात्यात, आणि तितकेच नागपुरात किंवा कल्याणला, दुचाकीवरून अन्न पोहोचवणाऱ्या तरुणाच्या हातातला मोबाईलचा पडदा हाच त्याचा मस्टर, तोच मुकादम, तोच नोटीस-फलक, तोच पगाराचा कागद. आणि एके दिवशी 'आयडी ब्लॉक' झाला की तेच बडतर्फीचे पत्र. त्यावर सही करणारा कोणी दिसत नाही. ऑर्डर स्वीकारण्याची कळ मोठी आणि ठळक; तक्रारीची कळ कोठे आहे ती शोधावी लागते. पडद्याची ही रचना कोणीतरी विचारपूर्वक केलेली आहे, आणि ती करणारे तंत्रज्ञ अशाच परिषदांत मांडल्या जाणाऱ्या निबंधांवर शिकलेले आहेत.

परंतु या घडीचे सर्वात बोलके उदाहरण महाराष्ट्राच्या अंगणवाड्यांनी घालून दिले आहे. बालकांची वजने, उंची, आहार, गरोदर मातांच्या नोंदी हे सर्व २०२१ पासून 'पोषण ट्रॅकर' या केंद्र सरकारच्या ॲपमध्ये भरायचे असा हुकूम आला. ॲप इंग्रजीत. हातातला सरकारी मोबाईल कमी क्षमतेचा. तो मध्येच अडकून बसे, तापे, बंद पडे, आणि दुरुस्तीचा खर्च मानधनावर काम करणाऱ्या सेविकेच्या गळ्यात. २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यभरच्या सेविकांनी हे मोबाईल गोळा करून प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत दिले. ॲप मराठीत द्या, चालेल असा मोबाईल द्या. वृत्तपत्रांनी ही बातमी 'मानधनवाल्या बायकांचे आंदोलन' या सदरात टाकली. वस्तुतः यंत्राची रचना, त्याची भाषा, त्याची क्षमता आणि ते वापरणाऱ्याची परिस्थिती यांच्यातील विसंगतीवर ती अत्यंत काटेकोर टीका होती. कोणत्याही परिषदेत ती पहिल्या प्रतीचा निबंध ठरली असती. निबंध लिहिण्याऐवजी सेविकांनी पुरावाच टेबलावर आणून ठेवला.

कोलकात्याच्या परिषदेचा जो विषय, तोही आता अंगणवाडीच्या दारात उभा आहे. शिधा घरी नेणाऱ्या मातेचा चेहरा मोबाईलने ओळखल्याखेरीज तो द्यायचा नाही अशी सक्ती २०२५ च्या जुलैपासून झाली. रोजगार हमीच्या मजुरांची हजेरी दिवसातून दोनदा छायाचित्र काढून ॲपवर चढवण्याची सक्ती त्याआधीच, २०२३ च्या जानेवारीपासून, आली होती. रेंज नसेल, प्रकाश कमी असेल, बाळंतपणाने चेहरा उतरला असेल, तर दोष यंत्राचा. पण शिधा तुटतो तो मातेचा, आणि बोलणी बसतात ती सेविकेला. सभागृहात 'अचूकता अमुक टक्के' असा जो तक्ता दाखवला जातो, त्यातील उरलेले टक्के म्हणजे अशी रांगेत उभी माणसे आहेत. भ्रष्टाचाराला आळा बसावा म्हणून हे केले असे सांगण्यात येते. तसे असेल, तर यंत्राची नजर सदैव मजुराकडे आणि सेविकेकडेच का वळलेली असते, ठेकेदाराच्या बिलाकडे का नाही, याचेही उत्तर त्याच व्यासपीठावरून मिळायला हवे.

बरानगरच्या संस्थेतील संशोधकांनी हाताने लिहिलेले अंक यंत्राला शिकवण्यासाठी नमुन्यांचा एक संग्रह तयार केला आणि २००९ साली त्याविषयी लिहिले. देवनागरी अंकांचे २२ हजारांहून अधिक नमुने, हजाराहून अधिक माणसांच्या हातचे. ते आले कोठून? टपालातल्या पाकिटांवरून, आणि नोकरीसाठी केलेल्या अर्जांवरून. संशोधकांनी यात काही वावगे केले असे नव्हे. खरीखुरी अक्षरे मिळवण्याचा तो प्रामाणिक मार्ग होता. पण हे चित्र मनातून जात नाही : एखादा तरुण नोकरीच्या अर्जावर आपली जन्मतारीख, आपले गुण, घराचा पिनकोड जपून लिहितो, नोकरी मिळाली की नाही कोणास ठाऊक, त्याच्या हातचा सात आणि नऊ मात्र यंत्राला वाचायला शिकवून गेला. अशा लाखो अनाम हातांच्या शिकवणीवर आजची 'बुद्धिमान' यंत्रे उभी आहेत. संवादाच्या दोन पक्षांपैकी यंत्र हा जो पक्ष म्हणतात, तोही असा मुळात माणसांच्याच श्रमांचा बनलेला आहे.

मग करायचे काय? कायद्याकडे पाहावे तर १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात, पुढे घातलेल्या ९-अ या कलमान्वये, सेवाशर्तीतील बदलापूर्वी एकवीस दिवसांची नोटीस देणे मालकावर बंधनकारक झाले. त्यासाठीच्या परिशिष्टात यंत्रसामग्री वा तंत्र यांतील सुधारणेचाही समावेश होता. मात्र त्या सुधारणेमुळे कामगारकपात होण्याचा संभव असेल तरच. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही शब्दयोजना जवळजवळ तीच आहे. म्हणजे यंत्राने माणूस काढला तर कायदा, निदान कागदावर, बोलतो. यंत्राने माणसाला ठेवून घेऊन त्याचा वेग वाढवला, त्याची नजर बांधून ठेवली, त्याच्या विचाराला १.३५ सेकंदांची मुदत घातली, तर कायदा गप्प. कर्नाटकने २०२५ साली ॲपवरील कामगारांसाठी जो कायदा केला त्यात स्वयंचलित देखरेख आणि निर्णय यांची माहिती कामगाराला देण्याची तरतूद आहे, ही या दिशेने पडलेली पहिली पावले. महाराष्ट्रात तेवढेही अद्याप नाही.

आणि परिषदांकडेही वळले पाहिजे. तेथे आपले शत्रू बसलेले नाहीत. त्यांतील कित्येक तरुण संशोधक ॲपवरील कामगारांच्या स्थितीवर तळमळीने लिहीत आहेत. ॲमेझॉनच्या संकेतस्थळावर तुकड्यातुकड्याने काम करणाऱ्यांना मालकांचीच प्रतवारी करता यावी म्हणून लिली इराणी आणि सिक्स सिल्बरमन या दोघांनी २००८ साली एक साधन तयार केले, आणि २०१३ साली याच शास्त्राच्या पॅरिस येथील परिषदेत ते मांडले. अशा लोकांशी संघटनांनी गाठ घालून घेतली पाहिजे. अंगणवाडी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने आपल्या सेविकांनी नोंदवलेल्या बिघाडांची यादी, तारीखवार, गाववार, पवईच्या किंवा बरानगरच्या विभागापुढे ठेवावी आणि विचारावे की याची तपासणी तुम्ही आमच्याबरोबर कराल काय. विमा आणि बँक संघटनांपाशी तीन दशकांच्या करारांची दप्तरे पडून आहेत. ॲपवर राबणाऱ्या पोरांच्या नव्या संघटनांना ती दाखवावीत. इलाको हाउसच्या पहाऱ्यावरचे लोक आता फार थोडे उरले असतील. त्यांच्या तोंडून ती हकीकत लिहून घेण्याचे कामही लांबवण्याजोगे नाही.

नॉर्वेतील १९७५ च्या करारात एक कलम होते. नव्या संगणक-प्रणालीची माहिती कामगारांना द्यायची ती सुस्पष्ट रूपात, आणि त्या विषयाचे खास ज्ञान नसलेल्या माणसालाही समजेल अशा भाषेत. यंत्र बसवण्याआधी. मोबाईल परत करणाऱ्या सेविकांनी त्यानंतर सेहेचाळीस वर्षांनी, एवढीच मागणी केली होती : ॲप मराठीत द्या.